नाक नाकाएवढंच दिसणारी लेन्स

ताईच्या फोटोसाठी लेन्स निवडायला मी तेरा दिवस घालवले आणि शेवटी ती निवडून झालीच नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मास्तरांनी उगाच आशा लावली असं पुढे कुणी म्हणायला नको.

ताई माझी थोरली बहीण. वय एकोणऐंशी. मला चौऱ्याहत्तरावं चालू आहे, आणि मला ‘छोट्या’ म्हणणारं माणूस जगात आता एकच उरलं आहे. ती दोन गल्ल्या पलीकडे एकटी राहते, मी इथे एकटा राहतो. मधलं अंतर चालत सात मिनिटांचं. तिच्याशी भांडण झालेलं असलं तर परत येताना पाच.

त्या दिवशी भांडण वगैरे काही नव्हतं. चहा झाला, कप विसळून झाले, आणि कप पुसता पुसता ताई म्हणाली, “अरे छोट्या, पोरगी येतेय मला न्यायला. तिच्याकडेच राहायचं आता. हे गुडघे काही जिना चढू देत नाहीत. पंधरा दिवस आहेत, तुला काही भांडी हवी असतील तर बघून ठेव.”

माझ्या भाचीचं गाव रेल्वेने चौदा तासांवर आहे.

“बरं,” मी म्हणालो. चौतीस वर्षं तिसरीच्या मुलांना मी शब्दसंग्रह वाढवायला सांगत आलो. ऐन वेळी माझ्याकडे हा एवढाच शब्द निघाला.

घरी आलो आणि काही सुचेना म्हणून कपाटावरचे अल्बम काढले. चार अल्बम. त्यांत ताई अकरा फोटोंत सापडली. सापडली म्हणजे शोधून काढावी लागली. एका फोटोत तिचा कोपर होता. दोन फोटोंत वाकलेली पाठ. एकात ती कुणाच्या तरी बाळाच्या मागे अर्धी झाकलेली. एका ग्रुप फोटोत सगळे हसत उभे आहेत आणि वर एक छत्री आहे. ती छत्री धरणारा हात ताईचा. सबंध चेहरा एकाही फोटोत नव्हता. घरात सगळं जी करते तिला फोटोच्या वेळी चौकटीत यायला सवड नसते, हे मला चौऱ्याहत्तराव्या वर्षी कळलं.

मी लगेच फोन केला. “ताई, जायच्या आधी तुझा एक चांगला फोटो काढायचा आहे.”

“पासपोर्टवाल्याने मला तीनदा बसवलं होतं. तिन्ही फोटोंत मी चोर दिसते.”

“मी नीट काढेन.”

“एकदाच बसेन. एकदाच दाबायचं. ‘हनुवटी वर, हनुवटी खाली’ असलं मला चालणार नाही. कबूल?”

“कबूल,” मी म्हणालो. आणि इथेच माझं चुकलं. फोटो एकदाच निघणार म्हटल्यावर तो बिनचूक निघाला पाहिजे, आणि बिनचूक निघायचा तर तयारी हवी. तयारी हा माझा जुना आजार आहे.

माझ्याकडे एक जुना रेंजफाइंडर कॅमेरा आहे. रोलचा. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. सोपं आहे, फक्त घाई करायची नाही. आपलं एक बोट नाकासमोर धरा. डावा डोळा मिटा, मग उजवा मिटा. बोट इकडून तिकडे उडी मारतं की नाही? दोन डोळे दोन जागी आहेत म्हणून तसं होतं. या कॅमेऱ्यालाही दोन जागी दोन छोट्या खिडक्या असतात. त्यामुळे डोळा लावून पाहिलं की समोरच्या माणसाच्या मधोमध आणखी एक पुसट माणूस दिसतो, जरा बाजूला सरकलेला. लेन्सची कडी फिरवत राहायचं. दोघे सरकत सरकत एकमेकांवर बसले, एकच माणूस उरला, की अंतर जुळलं. मग दाबायचं. एकट्या माणसाला हा कॅमेरा फार सोबत करतो, कारण यातून पाहिलं की कुणीही आधी दोघं असतं.

कॅमेऱ्यावर पन्नासची लेन्स होती. तालीम म्हणून मी इमारतीच्या वॉचमनचा फोटो काढला. अगदी जवळून, अडीच फुटांवरून, चेहरा पूर्ण भरेल असा. उरलेल्या रोलवर जिन्याचा कठडा, पाण्याची टाकी आणि एक मांजर. रोल धुवायला दिला, दोन दिवसांनी फोटो आले, आणि वॉचमनला त्याची प्रत मी मोठ्या प्रेमाने दिली. दुसऱ्या दिवशी तो माझ्याशी बोलेना.

“काय झालं?” मी विचारलं.

“बायको म्हणाली, यात तू कुठे आहेस? हे तर नाकाला मिशी लावलीय नुसती.”

फोटो पुन्हा पाहिला. बाईंचं म्हणणं अन्यायाचं नव्हतं. नाक दाराच्या मुठीसारखं पुढे आलं होतं आणि कान घाबरून मागे पळाले होते.

मी कॅमेरे दुरुस्त करणाऱ्याकडे गेलो. त्याचं दुकान म्हणजे एका जिन्याखालची जागा. आत एक माणूस बसतो आणि दुसरा बाहेर उभा राहतो. डोळ्याला बारीक दुर्बीण लावून तो कुठल्या तरी स्क्रूशी बोलत होता.

“लेन्स खराब आहे का हो?” मी विचारलं.

“लेन्स चांगली आहे. तुम्ही चुकीच्या जागी उभे होतात.” त्याने मान वर केली नाही. “फार जवळ गेलं की जवळचं नाक मोठं होतं आणि लांबचे कान लहान होतात. दोन पावलं मागे सरका.”

“मग चेहरा लहान येतो.”

“म्हणून तर पोर्ट्रेटची लेन्स वेगळी असते, मास्तर. लांब उभं राहायचं आणि चेहरा मोठा घ्यायचा. लेन्स निवडायची म्हणजे दुसरं काही नसतं. माणसापासून किती लांब उभं राहायचं ते तुमचं तुम्ही ठरवायचं, लेन्स फक्त हो म्हणते.”

त्याच्याकडे माझ्या कॅमेऱ्याला बसणाऱ्या दोन जुन्या लेन्स होत्या. एक नव्वदची, एक एकशे पस्तीसची; हे आकडे मिलिमीटरचे, आकडा जितका मोठा तितकं लांब उभं राहायचं. “दोन्ही वापरून पाहा, जी आवडेल ती ठेवा,” तो म्हणाला. मी हरखलो. वापरून पाहायला मात्र चेहरे हवेत. संध्याकाळी घरी येऊन मोजले. माझ्या ओळखीचे, अर्धा तास समोर बसतील असे चेहरे किती? हाताची बोटं पुरली. खरं सांगायचं तर बोटं उरली.

तेव्हा मी खालच्या सूचनाफलकावर सुंदर अक्षरात एक कागद लावला: ‘फोटोसाठी चेहरे हवे आहेत. वेळ चार ते पाच. कोणताही चेहरा चालेल.’

शेवटचं वाक्य मी औदार्याने लिहिलं होतं. लोकांनी ते अपमान म्हणून घेतलं. चार ते पाच कुणीही आलं नाही. सव्वापाचला सेक्रेटरी आले, हातात माझाच कागद.

“मास्तर, हा व्यवसाय आहे की छंद?”

“माझ्या बहिणीचा फोटो काढायचा आहे.”

“मग बहिणीला बोलवा. ‘कोणताही चेहरा’ म्हणजे सार्वजनिक झालं. फलकावर सार्वजनिक काही लावायचं तर अर्ज लागतो. समितीच्या तीन सह्या, आणि अर्जदाराचा अलीकडचा एक फोटो.”

“फोटो काढण्याच्या परवानगीसाठी माझा फोटो?”

“अलीकडचा,” सेक्रेटरी म्हणाले. “तुम्ही तर फोटोग्राफर. एक स्वतःचा काढा.”

इथे पुन्हा एक लहानसा धडा घ्यावा लागेल. या कॅमेऱ्याने स्वतःचा फोटो काढता येत नाही असं नाही. पण दोन माणसांचा एक माणूस करायला मागे कुणीतरी डोळा लावून उभं असावं लागतं. ते कुणीतरी माझ्या घरी नव्हतं. म्हणून मी कोपऱ्यावरच्या स्टुडिओत गेलो. तिथल्या मुलीने मला स्टुलावर बसवलं आणि म्हणाली, “आजोबा, हसू नका. कान दिसू द्या.” मी हसत नव्हतो. माझा चेहरा मुळात तसा आहे हे तिला पटवण्यात पाच मिनिटं गेली. फोटोत मी चोर दिसत होतो. ताईचा भाऊ शोभत होतो, असंही म्हणता येईल.

या अर्जात दोन दिवस गेले. त्या दोन दिवसांत ताईचा तीनदा फोन आला. “छोट्या, पितळेचे डबे नेतोस का?” “छोट्या, इस्त्री कुणाला देऊ?” “छोट्या, नुसता ये रे, इथे बोलायला कुणी नाही.”

“आलोच,” मी दर वेळी म्हणालो, “एवढ्या सह्या झाल्या की आलो.”

परवानगी मिळाली आणि पहिला चेहरा आला तो वरच्या मजल्यावरच्या कॅशियरसाहेबांचा. बँकेतून निवृत्त होऊन त्यांना नऊ वर्षं झाली, पण काहीही हातात घेतलं की अजून उजेडाकडे धरून खरं-खोटं पाहतात. माझा कॅमेराही त्यांनी तसाच पाहिला.

“मास्तर, एवढा खटाटोप कशाला? आमच्या फोनमध्ये पोर्ट्रेट नावाचं बटणच आहे. मागचं सगळं आपोआप धूसर होतं.”

“मला मागचं धूसर नको आहे.”

“मग पुढचं धूसर करतो तो. सगळं करतो.”

मी त्यांना खिडकीशी बसवलं आणि एकशे पस्तीसची लेन्स लावली. ही लेन्स लावली की कॅमेऱ्याच्या खिडकीतली चौकट पोस्टाच्या तिकिटाएवढी होते, आणि त्या तिकिटात माणूस बसवायचा तर मागे मागे जावं लागतं. मी कॉटपर्यंत मागे गेलो. पुरेना. कपाटाला पाठ लावली. पुरेना. शेवटी दार उघडून बाहेर पॅसेजमध्ये, लिफ्टला टेकून उभा राहिलो, आणि तिथून माझ्याच घराच्या खिडकीशी बसलेल्या माणसाला सूचना देऊ लागलो.

“जरा डावीकडे!”

“काय?”

“डावीकडे!”

“तुमच्या का माझ्या?”

तेवढ्यात लिफ्ट उघडली आणि मी उलटा आत गेलो. आत सेक्रेटरी होते. दार बंद झालं आणि आम्ही दोघे तिसऱ्या मजल्यावर पोहोचलो. “पॅसेजसाठी अर्ज केला होतात का?” त्यांनी विचारलं. मी परत आलो तेव्हा कॅशियरसाहेब माझी वर्तमानपत्रं नीट घड्या घालून, तारीखवार लावून बसले होते. ते अजून तासभर बसले. जाताना म्हणाले, “उद्या येऊ का? आणखी एखादी लेन्स असेल तर.” तेव्हा मला समजलं की घरी त्यांच्याशीही कुणी फारसं बोलत नसावं. मी मात्र लिफ्टमुळे इतका चिडलो होतो की म्हणालो, “कळवतो.”

मग मुलं आली. मुलांना ‘कोणताही चेहरा’ याचं काही वाटलं नव्हतं. त्यांना फक्त परीक्षा होती, ती संपली. आठ जणं एकदम आली. मी सगळ्यांना बोट नाकासमोर धरायला लावलं, खोलीभर डोळे मिटामिटी झाली, प्रत्येकाने कॅमेऱ्याला डोळा लावून दुसऱ्याचे दोन केले आणि परत एक केला. मला फार बरं वाटलं. त्या पंधरा दिवसांत तेवढा पाऊण तास मी कुणाचा भाऊ नव्हतो, नुसता मास्तर होतो. मग मी त्यांना पॅसेजमधून टिपू लागलो, तर दुसऱ्या मजल्यावरची एक मुलगी, पुढचे दोन दात नसलेली, म्हणाली, “आजोबा, लेन्स बदलली की माणूस बदलतो?”

“नाही. माणूस तोच. आपण किती लांब उभे राहतो ते बदलतं.”

“मग तुम्ही घरात या ना.”

तिला मी प्रमाण, नाक आणि कान समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि आईने बोलावलं म्हणून गेली. आईचा आवाज मला तरी ऐकू आला नव्हता.

दोन दिवसांनी एकशे पस्तीसचे फोटो धुऊन आले. नाकं नाकांएवढीच होती. कान जागेवर. सगळं व्यवस्थित, आणि तरीही प्रत्येक चेहऱ्यावर एकच भाव: लांबून कुणीतरी हाक मारतंय, काय म्हणतोय ते कळत नाहीये, आणि तो जाईल केव्हा. कॅशियरसाहेबांच्या चेहऱ्यावर तेवढा ‘जाईल केव्हा’ नव्हता. ते खिडकीशी बसून दाराकडे बघत होते, जसं कुणी यायचं असावं.

ताईला असं काढायचं नव्हतं. म्हणून नव्वदची लावली. हिच्यासाठी जेमतेम पाच-सहा फूट लागतात. बोलताही येतं, ओरडावं लागत नाही. मी मनातल्या मनात तिलाच पास केलं होतं. पण वॉचमन (तो आता बोलू लागला होता, कारण मी त्याच्या बायकोची माफी मागितली होती) पुन्हा समोर बसला, रोल धुऊन आला, तर त्याचा कान इतका स्पष्ट की आतले केस मोजावेत, आणि डोळे धुक्यात.

“घासलीय जरा,” दुरुस्तीवाला म्हणाला. “तुम्ही डोळ्यावर जुळवलंत की ही चार बोटं मागे बघते. ठेवून जा, आठ दिवसांत करून देतो.”

आठ दिवस माझ्याकडे नव्हते. चारच उरले होते. “चार बोटंच ना?” मी म्हणालो. “मग मी डोळ्यावर जुळवतो आणि चार बोटं मागे झुकतो.”

त्याने पहिल्यांदा दुर्बीण काढून माझ्याकडे पाहिलं. “गणित बरोबर आहे,” तो म्हणाला. गणित बरोबर आहे असं कुणी शिक्षकाला कधी म्हणू नये. ते त्याला चढतं.

घरी येऊन मी आरशासमोर झुकण्याची तालीम सुरू केली. डोळा कॅमेऱ्याला, पाय घट्ट, कंबरेतून मागे, बरोबर चार बोटं. भिंतीवर पट्टी चिकटवली. दहा वेळा केलं. अकराव्या वेळी पाठीत काहीतरी कट्‌ झालं आणि मी तसाच राहिलो, चार बोटं मागे, ना पुढे ना आणखी मागे. फोनपर्यंत पोहोचायला वीस मिनिटं लागली.

ताई आली. लिफ्ट नेमकी बंद होती, तर स्वतःच्या गुडघ्यांनी माझा जिना चढून आली. मला कॉटवर आडवं केलं, मलम चोळलं, चोळताना लहानपणापासूनच्या माझ्या सगळ्या मूर्खपणांची उजळणी घेतली, आणि मग खिडकीशी खुर्ची ओढून बसली. तीन तास. खिडकीतून दुपारचा मऊ उजेड तिच्या एका गालावर पडला होता. ती माझ्या शर्टाचं तुटलेलं बटण लावत होती आणि दोऱ्याचं टोक ओठांत धरून बोलत होती. कॅमेरा माझ्या उशाशी होता. हात लांब केला असता तर पोहोचला असता.

“काढतोस का आता?” तीच म्हणाली. “बसलेच आहे.”

“आत्ता नको.”

“का?”

“लेन्स ठरली नाही अजून. नव्वदची चार बोटं मागे बघते. आणि झुकता येत नाही. एकदाच बसणार आहेस तू, ताई. ते असं वाया नाही घालवायचं.”

ताईने दोरा तोडला. “तू शाळेत जायच्या आधी दप्तर भरत बसायचास. पेन्सिलींना टोक करत. घंटा व्हायची तरी तुझी टोकं चालू.”

“मग? पुढे शाळेत चौतीस वर्षं काढली की नाही?”

“हो. पोहोचलास एकदाचा,” ती म्हणाली आणि शर्ट घडी करून ठेवला.

दोन दिवसांनी पाठ जरा सैल झाली. मी नव्वदची लेन्स दुरुस्तीवाल्याकडे टाकून आलो. एकशे पस्तीसची आधीच परत केली होती. अजून दोन दिवस होते. तो म्हणाला होता, रात्रंदिवस करतो. संध्याकाळी भाचीचा फोन आला.

“मामा, सामानाची गाडी उद्याच मिळतेय. परवाची नाही म्हणतात. आम्ही सकाळी दहाला निघतो. तुम्ही या नऊपर्यंत.”

मी साडेसातला गेलो.

घर रिकामं झालं होतं. मी बोललो तर आवाज भिंतींवरून परत येत होता. जिथे कपाट होतं तिथे भिंतीवर कपाटाएवढा स्वच्छ चौकोन, जिथे घड्याळ होतं तिथे स्वच्छ गोल. इतके दिवस या खोलीत मागे सरकायला जागा नव्हती. आता कितीही मागे सरकता आलं असतं.

ताई एका बांधलेल्या खोक्यावर बसली होती. चांगले कपडे घातले होते, केस बसवले होते. “चल, आटप,” ती म्हणाली. “हनुवटी बिनुवटी काही सांगायचं नाही.”

कॅमेऱ्यावर पन्नासची लेन्स होती आणि आत नवा रोल. जवळ गेलो तर नाक. लांब गेलो तर ताई एवढीशी आणि चहूकडे नुसती भिंत. मी कुठेतरी मधे उभा राहिलो. पाच-सहा फुटांवर. ताई गुडघ्यांपर्यंत आली, आणि मागे तो कपाटाचा चौकोनही आला. येऊ दिला.

डोळा लावला. दोन ताई दिसल्या. कडी फिरवली. त्या सरकल्या, सरकल्या आणि एक झाल्या.

“दाब,” ताई म्हणाली.

“दाबतो.”

“काय बघतोयस?”

“जुळवतोय.”

“जुळलं नाही अजून?”

“जुळलंय.”

“मग?”

मग काय, दाबलं की संपलं. ती उठणार, खोकं उचललं जाणार. बाहेर गाडीवाल्याने हॉर्न वाजवला. ताई दाराकडे बघेल असं वाटलं, पण ती माझ्याचकडे बघत राहिली, डोळे उघडे, हनुवटी जिथे हवी तिथे, चेहऱ्यावर आता हा काय करणार ही मला जन्मापासून पाठ असलेली काळजी. मी दाबलं.

“झाला?”

फोटो चांगला आला आहे हे मला माहीत होतं. बाकी काही येवो न येवो, एवढं कळतं. पण रोलच्या कॅमेऱ्यात काढलेला फोटो तिथल्या तिथे दिसत नाही. मला दिसत नाही, तसा दुसऱ्या कुणालाही दिसत नाही. चौतीस वर्षं मी मुलांना खोटं बोलू नका असं शिकवलं, आणि मुलांनी त्या मानाने बरंच ऐकलं.

“बिघडला,” मी म्हणालो. “हललीस तू.”

“मी खोक्यावर बसलेय. बसलेलं माणूस हलत नाही. उभं असलेलं हलतं.”

“मामा, दुसरा काढा ना पटकन,” भाची पिशव्या उचलत म्हणाली. “त्यात काय एवढं?”

“नाही. एकदाच ठरलं होतं.”

ताईने माझ्याकडे पाहिलं. तिने मला चालायला शिकवलं आहे; मी केव्हा पडलो आणि केव्हा मुद्दाम बसलो, हे तिला तेव्हापासून ओळखता येतं.

“तुला कुठली गोष्ट पहिल्या झटक्यात जमली आहे म्हणा,” ती म्हणाली. “आता तिकडे येऊन काढ. मी बसेन पुन्हा. पण आल्यावर एकदाच हं, ते काही बदलायचं नाही. आणि ती लेन्स कुठली ते ठरवून ये.”

“ठरायला वेळ लागेल, ताई.”

“मग न ठरवता ये.”

गाडी गेली. मी घरी न जाता थेट जिन्याखालच्या दुकानात गेलो. दुरुस्तीवाल्याने नव्वदची लेन्स उघडून तिचे तुकडे कापडावर मांडले होते. माझ्या गळ्यातला कॅमेरा पाहून त्याने हात पुढे केला.

“द्या रोल. परवा धुऊन देतो.”

“नको. एकच फोटो झालाय त्यावर.”

“छत्तीसचा आहे ना? मग बाकीचे पस्तीस?”

“एका भेटीत एकच, असं ठरलं आहे.”

त्याने डोळ्यावरची दुर्बीण कपाळावर सारली. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. पण दिवसभर बारीक वस्तू बघणाऱ्या माणसाला असल्या गोष्टी दिसत असाव्यात. बोटाने कापडावर त्याने हिशेब केला. “वर्षातून चारदा गेलात तरी नऊ वर्षं होतील, मास्तर.”

मी मनात बेरीज केली. ताई अठ्ठ्याऐंशीची, मी त्र्याऐंशीचा. जमण्यासारखं होतं.

“एवढ्या वर्षांत फिल्म खराब होते,” तो म्हणाला.

“मग काय करायचं?”

त्याने कॅमेरा माझ्या हातात परत ठेवला आणि माझी बोटं त्याभोवती मिटवली, नवख्या मुलाच्या हातात पेन्सिल द्यावी तशी.

“थंड जागी ठेवा,” तो म्हणाला. “आणि पहिली खेप लवकर करा.”